आबांचा ट्रॅक्टर आणि आमचं मैदान

सांगलीत आम्ही राहत होतो ती जागा मंडईच्या मागच्या बोळात होती. दोन खोल्या, वर पत्रा आणि मागच्या दाराला लागून हातभर अंगण. त्या अंगणात पोत्याच्या आडोशाला चंद्री नावाची शेळी बांधलेली असायची. शहरात शेळी कशाला पाळायची, असं घरमालकीण काकू आईला सारखं विचारायच्या. "आवं काकू, दाराशी जनावर नसलं तर ह्यास्नी झोप लागत न्हाई," एवढंच आई सांगायची, आणि ते खरं होतं. माझ्या वडिलांचं, आबांचं, सगळं तरुणपण आटपाडीच्या माळावर मेंढरांमागं गेलेलं. पाऊस हुकत गेला, चारा मिळेना, तेव्हा मेंढरं विकून आम्ही सांगली गाठली. गावाकडच्या एका बागायतदाराकडं आबा ट्रॅक्टर चालवायला शिकले होते, ते इथं उपयोगी पडलं. आमच्या भागातला कचरा उचलायचं काम एका ठेकेदाराकडं होतं. त्याच्या ट्रॅक्टरवर आबा लागले. लाल ट्रॅक्टर, मागं पोचे पडलेली लोखंडी ट्रॉली आणि ट्रॉलीच्या मागं कायम दोनचार कुत्री.

आमची सकाळ आवाजांनी व्हायची. आधी मंडईत गाड्या लागायच्या, मग कोबी-फ्लॉवरची पोती दणादण खाली पडायची, मग सौद्याचा गलका. त्या गलक्यात आईच्या भाकरीची थपथप चालू असायची. आबा चहाबरोबर अर्धी भाकरी खाऊन निघायचे, आणि थोड्या वेळानं बोळाच्या तोंडाशी ट्रॅक्टर दोनदा खोकून सुरू व्हायचा. दुपारी ते परत आले की आधी अंगणात लिंबाचा पाला घातलेल्या पाण्यानं आंघोळ. त्याशिवाय ते उंबऱ्याच्या आत येत नसत आणि आम्हाला जवळ येऊ देत नसत. मग जेवण. बाजरीची भाकरी, दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी, आणि थंडीच्या दिवसांत संध्याकाळी हुलग्याचं माडगं. माडगं पिताना आबा गावाकडं जायचे, म्हणजे बोलण्यातून. "आमच्या माळावर एक बाभळ हुती," ते सांगायचे, "तिच्या सावलीला सगळी मेंढरं मावायची न्हाईत. पाळी लावून बसायची गड्यांनो, पाळी लावून." सांगलीत ते ट्रॅक्टर कधी उन्हात उभा करत नसत. झाड बघूनच थांबायचे.

हे लिहिते आहे ते साताऱ्यात, माझ्या गच्चीत बसून. खाली घंटागाडी आली आहे. तिच्यावरचं गाणं रोज तेच असतं आणि शेजारच्या चौथीतल्या मुलीला ते पाठ आहे. ती ओल्या कचऱ्याचा डबा आणि सुक्याची पिशवी घेऊन धावत खाली जाते आणि मोठ्या माणसांनी चुकीचं काही टाकलं असेल तर त्यांना सरळ परत पाठवते. तिला ते शाळेत शिकवलंय. आमच्या वेळी असं काही शिकवत नव्हते. आम्ही जे शिकलो ते एका मैदानापायी शिकलो.

आमची मुलींची शाळा नदीच्या अंगाला होती. इमारत साधीच, पण मैदान मोठं आणि त्याच्या कडेनं करंजाची जुनी झाडं. मातीचं, दाबून पाणी मारलेलं मैदान, आणि मधोमध खो-खोचे दोन खांब. शेटे बाई आम्हाला खेळही शिकवायच्या आणि विज्ञानही. ठेंगण्या, कडक, साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि गळ्यात शिट्टी. त्यांचा एक तास आम्हा सगळ्यांना आवडायचा. त्या आम्हाला करंजाखाली बसवायच्या, डोळे मिटायला लावायच्या आणि काय काय ऐकू येतं ते सांगा म्हणायच्या. बुलबुल, खार, पानांची सळसळ, कुणाच्या तरी घरातला रेडिओ. "आता उठा आणि मैदानाच्या मधे जाऊन उभ्या राहा," त्या म्हणायच्या. आम्ही उन्हात जायचो आणि पाय भाजायला लागले की पळत परत झाडाखाली यायचो. "आज एवढंच," बाई म्हणायच्या. वहीत लिहायला काही नसायचं.

मी खो-खोच्या संघात होते. आमची कप्तान शबाना बागवान. तिच्या वडिलांचा मंडईत भाजीचा गाळा होता आणि तिचं घर आमच्या बोळातच होतं, त्यामुळं सकाळी सरावाला आम्ही दोघी बरोबरच जायचो. ती उंच, मी बारकी. ती पाठलागाला लागली की समोरची पोरगी आधीच घाबरायची. माझी जागा खांबापासून तिसरी, तोंड रस्त्याकडं. खो-खोत बसणाऱ्या मुली एकीआड एक उलट्या दिशेला तोंड करून बसतात, त्यामुळं मला खेळताना कायम फाटक आणि रस्ता दिसायचा, आणि बऱ्याचदा त्या रस्त्यावरून जाणारा आबांचा ट्रॅक्टर. जाताना ते हॉर्न वाजवायचे. बाई शिट्टी तोंडातून न काढता मान डोलवायच्या.

एका पावसाळ्यात कृष्णेचं पाणी मंडईत शिरलं. बघता बघता आमच्या बोळात, मग पत्र्यापर्यंत. आम्ही चंद्रीला घेऊन गावाच्या उंच भागातल्या एका शाळेत राहायला गेलो. आजूबाजूच्या खेड्यांतून टेंपो भरून भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा यायचा आणि आम्ही रांगेत बसून खायचो. पाणी ओसरल्यावर परत आलो तेव्हा घरात घोटाभर काळा गाळ होता. अख्ख्या भागाची तीच गत. भिजून फुगलेल्या गाद्या, कुजलेलं धान्य, कपाटं, वह्या-पुस्तकं, दुकानातला सडलेला माल, सगळं लोकांनी रस्त्यावर आणून टाकलं. गावाबाहेरच्या कचरा डेपोचा रस्ता अजून पाण्यात होता. तेव्हा असं ठरलं की चार दिवसांसाठी हे सगळं शाळेच्या मैदानात टाकावं. कुणाचीच हरकत नव्हती. आम्हीच मुली फाटक उघडून उभ्या होतो आणि पहिली ट्रॉली आबांनीच आत नेली.

चार दिवसांचे आठवडे झाले. डेपोचा रस्ता कधीच मोकळा झाला होता, पण मैदान जवळ होतं आणि डेपो लांब. ठेकेदाराचं डिझेल वाचत होतं. पुराचा कचरा संपला तरी ट्रॉल्या येतच राहिल्या, आता रोजचा कचरा घेऊन. एका टोकाला सुरू झालेला ढीग खांबांपर्यंत आला, मग खांब दिसेनासे झाले. वर्गाच्या खिडक्या लावून घ्याव्या लागायच्या. डबा खाताना माश्या भाकरीवर बसायच्या. शेटे बाई अर्ज घेऊन फिरल्या. ठेकेदाराचा मुकादम, घोरपडे नावाचा, प्रत्येक वेळी हात जोडून म्हणायचा, "बाई, फुडच्या आठवड्यात उचलतो." नंतर कानावर आलं की शाळाच दुसऱ्या इमारतीत हलवायचं चाललंय, गावाच्या दुसऱ्या टोकाला, जिथं मैदानच नाही. मंडईच्या बाजूच्या अर्ध्या मुलींना तिथं चालत जाणं जमलं नसतं. त्यांची शाळा सुटली असती. माझीही.

घरी मी आबांना विचारलं, तुम्ही तिथं का टाकता. ते माडग्याची वाटी खाली ठेवून म्हणाले, "सुरे, ट्रॉली माझी न्हाई आन मैदान बी माझं न्हाई. मुकादम सांगंल तितं वतायचं." त्यांनी वाटी परत उचलली नाही.

मग कुणीतरी ढिगाच्या कडेला काडी लावली. दुपारची मधली सुट्टी होती. धूर आला म्हणून आम्ही बाहेर धावलो तर फाटकाजवळच्या करंजाची एक बाजू पेटली होती. पानं चरचरत होती आणि आत कुठंतरी पक्षी ओरडत होते. आम्ही प्यायच्या पाण्याच्या टाकीतून बादल्या भरभरून आणल्या. झाड विझलं, पण एका बाजूनं कोळशासारखं काळं पडलं. शेटे बाई बराच वेळ खोडाला हात लावून उभ्या राहिल्या. कडक बाई, पण त्यांचे डोळे धुरानं की कशानं लाल झाले होते. "अजून मेलं नाही," त्या म्हणाल्या, "पण पुन्हा आग लागली तर जाईल." एवढं बोलून त्या वर्गात गेल्या. शबाना तिथंच थांबली. तिनं आम्हा संघातल्या मुलींकडं बघितलं आणि सरावाच्या वेळी म्हणायची तशी म्हणाली, "उद्या सकाळी सगळ्यांनी यायचं. चड्डी-शर्ट घालून यायचं, मॅचला घालतो तो."

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी आम्ही फाटकात जमलो. काय करायचं ते शबानानंही पुरतं ठरवलेलं नव्हतं. ती म्हणाली, "मैदानात जागा नाही ना, मग इथं बसू," आणि आम्ही फाटकाच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत रांगेनं बसलो, खो-खोला बसतो तसं, एकीआड एक उलट्या तोंडानं. सवयीनं प्रत्येकजण आपापल्या जागी बसली. मी तिसरी, तोंड रस्त्याकडं. शबाना पाठलागवाल्या खेळाडूसारखी उभी. मला मनातून वाटत होतं की आज दुसरा कुणी ड्रायव्हर यावा. पण आवाज मला ओळखू आला. ट्रॅक्टर वळणावरून आला, सरळ आमच्यासमोर येऊन थांबला आणि वर आबा बसलेले.

त्यांनी आधी हॉर्न वाजवायला हात नेला, मग मला बघितलं आणि हात मागं घेतला. इंजिन धडधडत होतं. ट्रॉलीच्या कडेवर बसून आलेला मुकादम घोरपडे खाली उतरला.

"काय गं पोरींनो, हितं काय मांडलंय? उठा, ट्रॉली आत जाऊ द्या."

"काका, आता आत जागाच नाही," शबाना म्हणाली. "आमची खेळायची जागा तुम्ही घेतली. म्हणून आम्ही इथं बसलोय."

"तुकाराम, गाडी घे हळूहळू फुडं," मुकादम आबांना म्हणाला. "आपसूक उठत्यात."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी उठले नाही. माझ्या शेजारची वंदा शाळेकडं तोंड करून बसली होती, तिला काही दिसत नव्हतं, आणि ती सारखी विचारत होती, "आला का पुढं? सुरेखा, आला का?"

आबांनी इंजिन बंद केलं. अचानक इतकं शांत झालं की रस्त्यापलीकडच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

"तुकाराम, काय चाललंय?"

"मुकादम," आबा वरूनच म्हणाले, "त्यातली तिसरी माझी हाय. पर ती नसती तरी गाडी आत घातली नसती. काल ते झाड जळताना मी बघितलंय."

"मग ही ट्रॉली कुठं रिकामी करायची? माझ्या डोक्यावर?"

"डेपोवर. रस्ता चालू हाय."

"मालकानं सांगितलंय हितंच टाकायचं. नसंल जमत तर किल्ली दे आन घरला जा."

आबा खाली उतरले. किल्ली काढून त्यांनी मुकादमाच्या हातावर ठेवली. मग टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि आमच्या रांगेपासून थोडं बाजूला, जळक्या करंजाखाली जाऊन उभे राहिले. मुकादमाला ट्रॅक्टर चालवता येत नव्हता. ट्रॅक्टर होता तिथंच राहिला.

तेवढ्यात शेटे बाई आल्या. आम्हाला वाटलं आता ओरडतील. त्यांनी सगळं बघितलं, छत्री मिटली आणि शबानाला म्हणाल्या, "चौथ्या नंबरची पाठ वाकली आहे. नीट बसा." मग त्या स्वतः शबानाच्या शेजारी उभ्या राहिल्या. हळूहळू वर्गातल्या बाकीच्या मुली आल्या, त्यांना सोडायला आलेल्या आया थांबल्या, मंडईतून माणसं आली, आणि त्या गर्दीत आई, हाताला पीठ तसंच. ट्रॅक्टरमुळं रस्ता अडला म्हणून ओरडा सुरू झाला, आणि त्या ओरड्यापायी शेवटी पालिकेचे आरोग्य अधिकारी जीपमधून आले. त्यांना मैदानाची अवस्था खरोखरच ठाऊक नसावी, कारण फाटकातून आत बघताच ते एक पाऊल मागं सरले.

"नवीन कचरा आजपासून इथं येणार नाही," ते मुकादमाला म्हणाले. मग बाईंकडं वळले. "पण हा आतला ढीग लगेच हलेल असं मी खोटं सांगणार नाही. ट्रॉल्या मोजक्या आहेत. रोजचा कचरा डेपोवर नेण्यातच त्यांचा दिवस जातो."

"रोजचा कचरा कमी झाला तर?" बाईंनी विचारलं. "आमच्या भागातला निम्मा कचरा ओला असतो. भाजीचे देठ, साली, उष्टं. तो आम्ही इथंच खड्ड्यांत जिरवून त्याचं खत केलं तर तुमच्या ट्रॉल्या मोकळ्या होतील. त्या आम्हाला द्या."

साहेब हसले, पण चेष्टेनं नाही. "करून दाखवा. जेवढ्या फेऱ्या वाचतील तेवढ्या मैदानाला."

त्या दिवशी घरी जाताना आबा पुढं चालत होते आणि मी आणि आई मागं. मला भीती वाटत होती. बोळात शिरल्यावर आई म्हणाली, "बरं केलंस बसलीस ते." मग थोडं थांबून, "उद्यापास्नं मी शबानाच्या आईबरं कांदं निवडाय जाते. तुमी दोघं ते खड्ड्याचं बघा." आबांनी चंद्रीला सोडलं आणि तिच्या अंगावरून बराच वेळ हात फिरवत बसले.

खड्डे आबांनीच खणले, शाळेच्या मागच्या भिंतीलगत. आम्ही मुली घमेल्यानं माती उचलायचो. ओल्या कचऱ्याचा एक थर, त्यावर पुराच्या गाळाचा आणि सुक्या पाल्याचा थर, असं बाईंनी सांगितलं. आबा त्यात चंद्रीच्या लेंड्या टाकायचे. "आमच्याकडं शेतकरी लोक खतासाठी मेंढरं रानात बसवून घ्यायचे, त्याबदल्यात धान्य द्यायचे," ते बाईंना सांगायचे. बाई म्हणायच्या, माझ्या वडिलांच्या शेतातही बसायची. दोघांची चांगली गट्टी जमली. खरं अवघड काम खड्ड्याचं नव्हतं, दारोदार जाण्याचं होतं. आम्ही जोडीनं जायचो आणि घरटी दोन डबे ठेवायला सांगायचो. एका घरात चहा मिळायचा, दुसऱ्या घरात दार तोंडावर बंद व्हायचं. "आम्ही कर भरतो, आता कचराही आम्हीच निवडायचा?" हे तर रोज ऐकायचो. मंडईतले गाळेवाले आधी हसले. मग शबाना तिच्या वडिलांच्या गाळ्यासमोर टोपली घेऊन उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "अब्बा, तुम्हीच नाही दिलं तर मी बाकीच्यांना काय सांगू?" त्यांनी कोबीची पानं टोपलीत टाकली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गाळ्यानंही टाकली.

सगळ्यात कठीण होत्या आमच्याच घरमालकीण काकू. त्यांचं सगळं एकाच पिशवीत बांधून यायचं आणि बोळातल्या बाकीच्या बायका त्यांच्याकडं बघून तसंच करायच्या. पहिल्या खड्ड्यातलं खत तयार झालं तेव्हा आई एक डबाभर घेऊन त्यांच्याकडं गेली. काकूंच्या दारात तेलाच्या डब्यात लावलेला कढीपत्ता होता. पुराच्या पाण्यानं त्याच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या आणि काकू तो फेकायच्याच विचारात होत्या. आईनं न विचारता ते खत डब्यात घातलं. काकू नाकाला पदर लावून उभ्या होत्या, मग त्यांनी पदर काढला. "वास येत नाही की गं," त्या म्हणाल्या. काही दिवसांनी त्या काड्यांना पोपटी फुटवा आला. काकूंनी अख्ख्या बोळाला बोलावून दाखवला, जणू घरात बाळ झालं होतं. त्या आठवड्यापासून बोळात प्रत्येक दारात दोन डबे दिसायला लागले, आणि कुणी चुकलं तर आम्हाला बोलावं लागायचं नाही, काकूच बोलायच्या.

आमच्या भागात ट्रॉली येऊन निम्मी रिकामी परत जायला लागली. साहेबांनी शब्द पाळला. वाचलेल्या फेऱ्या मैदानाला लागल्या. पण पहिल्याच दिवशी नवा ड्रायव्हर ट्रॅक्टर घेऊन आत आला आणि ओल्या गाळात चाकं रुतवून बसला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची तीच गत झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी आई भाकऱ्या करत असताना दारात घोरपडे मुकादम उभा. हातात किल्ली.

"तुकाराम, तुजं डोकं फिरलेलं हाय, ते असू दे," तो म्हणाला. "पर त्या गाळातनं गाडी तूच काढू शकतोस. साहेबबी तुजंच नाव घेत्यात. मालकाला मी सांगितलंय."

आबांनी किल्ली लगेच घेतली नाही. "आत टाकायला न्हाई ना सांगणार परत?"

"न्हाई. आता उचलायचंच हाय."

"मग च्या घ्या आदी," आबा म्हणाले. आईनं स्टोव्ह पेटवला.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे होते, असं मी आजही म्हणेन. आम्ही वर्गात बसायचो आणि खिडकीतून ढीग रोज थोडा खाली जाताना दिसायचा. एके दिवशी खो-खोचा एक खांब वर आला, तेव्हा गणिताचा तास चालू असताना अख्खा वर्ग उठून उभा राहिला आणि गणिताच्या बाईही खिडकीपाशी आल्या. खाली राहिलेला गाळ काळाभोर, मऊ. आबांनी ट्रॅक्टरला फळी बांधून तो सपाट केला आणि आम्ही त्यावर रोज पाणी मारून पायांनी दाबला. भिंतीच्या कडेनं आमच्या खड्ड्यांतलं खत घालून नवी रोपं लावली. करंज, कडुनिंब, जांभूळ. ज्या घरांतून ओला कचरा आला होता, त्या घरातलं कुणी ना कुणी रोप लावायला आलं. काकूंनी जांभूळ लावलं आणि त्याला पाणी घालायला त्या पुढं कितीतरी वर्षं येत राहिल्या. जळालेल्या करंजाला काळ्या बाजूनं खालच्या अंगाला कोंब आला, तो शाळेत सगळ्यात आधी वंदानं बघितला. शाळा हलवायची गोष्ट नंतर कुणी काढली नाही.

त्याच हिवाळ्यात शाळांच्या खो-खोच्या स्पर्धा आमच्याच मैदानावर भरल्या. अंतिम सामना साताऱ्याच्या एका शाळेशी होता. त्यांच्या मुली बघून आम्ही आपापसात कुजबुजायला लागलो. बहुतेकींचे वडील, काका फौजेत. उंच, काटक, पावलं अशी टाकायच्या की परेडच चालली आहे. पण मैदान आमचं होतं. त्यातली माती कुठं घट्ट आहे आणि कुठं पाय सरकतो हे आमच्या तळपायांना ठाऊक होतं. भिंतीवर, झाडांवर, गच्च्यांवर माणसं. मंडई त्या दुपारी अर्धी बंद होती. शेवटच्या डावात आम्हाला एकच गडी बाद करायचा राहिला होता आणि त्यांची ती पळणारी काही केल्या हाताला लागत नव्हती. शबानानं मला खो दिला. मी उठले, समोर ती पोरगी खांबाकडं वळताना दिसली आणि मी विचार न करता सूर मारला. बोटांची टोकं तिच्या टाचेला लागली. तोंडात माती गेली. शिट्टी वाजली ती मला ऐकू आली नाही, मला फक्त शबाना माझ्या पाठीवर पडल्याचं कळलं आणि मग सगळ्याच मुली.

आबा त्या दिवशी ट्रॅक्टर बाहेर लावून, कामाच्याच कपड्यांत, मैदानाच्या कडेला उभे होते. बक्षीस समारंभासाठी खुर्च्या मांडल्या होत्या. साताऱ्याच्या संघाच्या बाई हरल्या तरी मोकळ्या मनाच्या होत्या. मैदान बघत बघत त्या आबांपाशी येऊन थांबल्या. त्यांना वाटलं हे शाळेचे शिपाई असावेत.

"मैदान फार छान ठेवलंय हो," त्या म्हणाल्या. "पुरात बुडालं होतं ना हे? तुम्ही इथं काय करता?"

आबांनी टोपी सारखी केली. मी मातीनं माखलेली जवळच उभी होते, तेव्हा ते काय सांगतात याकडं माझे कान होते.

"बाई, हितला सगळा कचरा मीच आणून टाकला हुता," ते म्हणाले, "आन मीच उचलून न्हेला. आता सूर मारलेली पोरगी माझी हाय."

त्या बाईंनी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांमधली स्वतःची खुर्ची ओढून त्यांच्यापुढं ठेवली. आबांनी आधी नको नको म्हटलं, मग शेटे बाईंनी लांबूनच शिट्टी वाजवून बसायची खूण केली, तेव्हा ते बसले, पाठ ताठ ठेवून, सगळ्या गावासमोर.